आक्कांना कुठली केबिन? आठ माणसांच्या एका क्रूझ बुकिंगचं प्रकरण

कुटुंब कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं, गुळाच्या व्यापारातलं, अजून एकत्र राहणारं. आक्का, वय 75, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा कुरकुरणारा. त्यांचे थोरले चिरंजीव, त्यांच्या मंडळी (वहिनी), पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. धाकटे, त्यांची बायको आणि चार वर्षांचं पोरगं. आक्कांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम हॉल घेऊन करायचा नाही, सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं, असं घरात ठरलं आणि धाकट्यांनी क्रूझचं खूळ काढलं. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत मुंबई, पाच रात्री, जानेवारीतली तारीख. कुटुंबाचं आणि जहाजाचं नाव इथे गाळलं आहे. जहाज मध्यम आकाराचं, साधारण दोनशे मीटर लांबीचं होतं, एवढं पुरे.

2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ सुरू झाली, तेव्हापासून राजारामपुरीतल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात क्रूझची चौकशी नवलाची राहिलेली नाही. चौकशी मात्र ठरावीक असते: बाल्कनी केवढ्याला, खिडकी केवढ्याला, आतली केवढ्याला. केबिन जहाजाच्या पोटात नेमकी कुठे आहे हा प्रश्न दहातला एखादाच विचारतो. हॉटेलात एकवेळ चालून जातं, कारण हॉटेल हलत नाही.

घरून ठरवून आणलेला बेत

थोरले कागदावर लिहूनच आले होते. थोरल्यांच्या चौघांना खिडकीची एक केबिन. धाकट्यांना बाल्कनी, कारण हौस त्यांची. आक्कांना आतली, बिनखिडकीची, एकटीची. कारण विचारलं तर म्हणाले, "आक्का काय, रात्री पाठ टेकायला जाणार. तिला खिडकी काय करायची हाय?"

बेतातली पहिली अडचण पैशाची होती. क्रूझचं भाडं माणशी असतं, पण ते एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेलं असतं. एकटं माणूस राहिलं तर बहुतेक कंपन्या जवळपास दोघांचं भाडं लावतात. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला उलट सवलत असते. म्हणजे आक्कांच्या आतल्या केबिनला दोघांचे पैसे जाणार होते आणि पलीकडे चौघं एका खोलीत कोंबून बसणार होते. पोरीला आक्कांसोबत ठेवलं तर चौघांचे तिघं होतात आणि आक्कांच्या खोलीतली दुसरी जागा, जिचे पैसे असेही द्यायचेच होते, ती वापरात येते. हे थोरल्यांना कॅल्क्युलेटर न लावता पटलं. व्यापारी माणूस.

दुसरी अडचण हिशोबात दिसणारी नव्हती. मी विचारलं, लक्षद्वीपच्या दिवशी आक्का काय करणार? अगत्तीला एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ पाणी. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या जहाजातून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंडांना धरतात हे खरं, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने ते करावं असं मला वाटत नव्हतं, आणि आक्कांनाही नाही. "मी न्हाई बाबा उतरत. तुमी जाऊन या, मी बसतो," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे अख्खा दिवस जहाजावर. शिवाय भर समुद्रातल्या प्रवासाचे दिवस, दुपारची वामकुक्षी, रात्री आठलाच झोप. पोरं पाण्यात, धाकटे डेकवर, वहिनी शॉपिंगला. आठ माणसांत खोलीत सर्वांत जास्त तास बसणार होत्या त्या आक्काच, आणि नेमकी त्यांनाच बिनखिडकीची खोली दिली होती.

इथून पुढे सगळं बुकिंग आक्कांच्या केबिनपासून सुरू करायचं आणि बाकीच्यांना तिच्याभोवती बसवायचं, असं ठरलं.

कुठे हलतं, कुठे नाही

आक्कांना गगनबावड्याच्या घाटात हमखास उलटी होते. एसटीत त्या कधी मागच्या बाकावर बसत नाहीत, मधली सीट मिळाली नाही तर पुढची गाडी धरतात. जहाजाचं शास्त्र याहून फार वेगळं नाही. लाटेवर जहाजाची पुढची बाजू उचलली की मागची बसते, मग उलट. याला पिचिंग म्हणतात. टोकाला असलेला माणूस जास्त वरखाली होतो, मध्यावरचा जवळपास जागेवर राहतो. दुसरी हालचाल आडवी, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. ते रोलिंग. त्यात जितकं उंच तितका झोका मोठा. म्हणून सगळ्यांत स्वस्थ जागा लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर असते. महागड्या केबिन बहुतेक वर असतात, त्यामुळे जास्त पैसे देऊन जास्त हलणारी खोली घेणारे खूप.

"आता जहाजांना पंख असतात, हलत नाहीत," हे धाकट्यांनी व्हिडिओत पाहिलेलं. अर्धं खरं आहे. पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर नावाचे पंख बाहेर येतात आणि रोलिंग बरंच कमी करतात. पिचिंगला त्यांचा काही उपयोग नाही. आणि बहुतेक जहाजांवरच्या पंखांना काम करायला पाण्याचा वेग लागतो, म्हणजे जहाज चालू असताना ते उपयोगी, उभं असताना नावापुरते. अगत्तीच्या बाहेर जहाज उभं राहणार तोच दिवस आक्का आत बसून काढणार होत्या. त्या दिवसाला पंखांचा भरवसा नाही, जागेचाच.

जानेवारीत अरबी समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो. जून ते सप्टेंबरातली तारीख असती तर ही चर्चाच मी केली नसती, सरळ नको म्हणालो असतो. तरी लांबून येणारी संथ लाट हिवाळ्यातही असते, आणि ज्याला लागतं त्याला तेवढी पुरते.

खिडकीचं आणखी एक कारण याच विषयातलं. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, या भांडणातून मळमळ होते. क्षितिज दिसलं की भांडण मिटायला मदत होते. बिनखिडकीच्या केबिनमध्ये ती सोय नाही. गोळीबद्दल मी आक्कांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. या गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत पडझड होते, वयस्कर माणसाला ते परवडत नाही.

नकाशा

ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून डेक प्लॅनचे सगळे मजले एकाच मापात मोठ्या कागदावर काढून घेतले. मग खिडकीच्या काचेवर एकावर एक दोन मजले धरायचे, बाहेरच्या उजेडात वरच्या मजल्यावरचा पूल किंवा थिएटर खालच्या मजल्यावरच्या कुठल्या केबिनवर येतं ते थेट दिसतं. थोरल्यांची पोरगी यात इतकी रमली की शेवटी तीच पेन्सिल घेऊन फुल्या मारायला लागली.

फुल्या कशावर पडल्या ते सांगतो. पुढच्या टोकाच्या खालच्या केबिन गेल्या, हलण्यामुळे आणि आवाजामुळेही: बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर तिथेच पुढे असतात आणि मुरगावला जहाज पहाटे लागणार होतं. मागच्या टोकाला इंजिन-प्रोपेलरची थरथर. थिएटरखालच्या गेल्या. किचनच्या वरच्या-खालच्या गेल्या, कारण किचन रात्रभर चालतं. लिफ्टच्या अगदी दाराशी असलेल्या गेल्या, कारण रात्री दोन वाजता डिस्कोतून परतणारी मंडळी लिफ्टपाशीच उभी राहून उरलेल्या गप्पा संपवतात.

खिडकीच्या केबिनमध्ये एक गट चांगलाच स्वस्त दिसत होता. थोरल्यांचं बोट लगेच तिथे गेलं. तळटीप वाचली तर समोर लाइफबोट टांगलेल्या. खिडकी आहे, उजेड आहे, पण बघायला नारिंगी बोटीचं पोट. ज्याला फक्त सकाळ झाली एवढं कळलं की पुरे त्याने जरूर घ्यावी, पैसे वाचतात. दिवसभर खिडकीशी बसणाऱ्या बाईसाठी ती कामाची नाही.

मध्यावरच्या दोन केबिन उरल्या. दोन्ही सारख्या भाड्याच्या, एकाच मजल्यावर, पाच-सहा दारांच्या अंतराने. एकीच्या समोर नकाशावर कोरी पांढरी जागा होती. कोरी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. प्रवाशांनी जायचं नाही अशी जागा. बहुतेक वेळा तिथे चादरी-टॉवेलांची खोली किंवा कर्मचाऱ्यांचा जिना असतो, आणि पहाटेपासून दार आपटत राहतं. ती सोडली. दुसरीच्या समोर आतली केबिन होती, वर केबिन, खाली केबिन. तीच धरली.

अंतर मोजायला आक्कांचाच हिशोब वापरला. त्या रोज घरापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत जातात, मध्ये एकदा कट्ट्यावर टेकतात. या केबिनपासून जवळची लिफ्ट त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर होती. जेवणाचा हॉल लांब, मागच्या बाजूला, पण तिथली लिफ्ट वेगळी. खालच्या मजल्यावर लांबलचक पॅसेज तुडवण्यापेक्षा जवळच्या लिफ्टने वर जाऊन, मधल्या मोकळ्या भागात सोफ्यावर टेकत टेकत जायचं, असं त्यांना कागदावर काढून दिलं.

मजला ठरवताना आणखी एक गोष्ट धरावी लागली, जी भाड्याच्या तक्त्यात कुठेच नसते. कोस्टा कॉन्कॉर्डिया 2012 साली इटलीच्या किनाऱ्याला आपटली, तेव्हा काही प्रवाशांची सुरक्षा-कवायत व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सगळ्या प्रवाशांची कवायत घ्यावी लागते. आणीबाणीत जमायची जागा साधारण लाइफबोटच्या मजल्याच्या आसपास असते आणि तेव्हा लिफ्ट वापरायच्या नसतात. सगळ्यांत खालचा मजला हलायला सगळ्यांत कमी, पण तिथून आक्कांना चार-पाच जिने चढावे लागले असते. म्हणून तळाचा सोडून दोन मजले वरचा घेतला. थोडं जास्त हलेल, पण जिने निम्मे. गुडघ्याची माहिती कंपनीला आधीच कळवून ठेवली, म्हणजे अशा वेळी मदतीला माणूस नेमलेला असतो आणि टर्मिनलवर व्हीलचेअरही मिळते.

बाकीचे कुठे

आक्का आणि नात खिडकीत. थोरले, वहिनी आणि मुलगा बरोबर समोरच्या आतल्या केबिनमध्ये, पॅसेज ओलांडला की दार. हा जोड मला फार आवडतो. समोरासमोर खिडकीची आणि आतली अशा दोन घेतल्या की आतल्या केबिनचे पैसे देऊन खिडकी अर्धी वाटून मिळते; सकाळी सगळं घर चहाचे कप घेऊन खिडकीच्या खोलीत येऊन बसतं. मधलं दार असलेल्या जोड-केबिनचाही विचार झाला. पण त्या दोन्ही खिडकीच्या होत्या, महाग, आणि मधल्या दारातून आवाज भिंतीपेक्षा जास्त येतो. थोरले घोरतात असं वहिनींनीच सांगितलं. विषय संपला.

तिघांची आतली केबिन मिळणं सोपं नव्हतं. वरून खाली येणारा तिसरा पलंग प्रत्येक केबिनला नसतो, आणि लाइफबोटींच्या हिशोबाने जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसं ठेवायची याला मर्यादा असते. त्यामुळे तिघा-चौघांच्या खोल्या आधी संपतात, दोघांच्या शिल्लक राहतात. समोरची खोली तिघांची निघाली कारण बुकिंग दिवाळीआधीच केलं. अकरा वर्षांच्या पोराला वरचा पलंग म्हणजे बक्षीसच.

एकूण बिल घरच्या पहिल्या बेतापेक्षा एका सवलतीच्या माणसाच्या भाड्याएवढं कमी झालं. थोरल्यांनी ते दोनदा तपासलं.

राहिले धाकटे. त्यांना बाल्कनीच हवी होती आणि मी मोडता घातला नाही; हौसेला मोल नसतं. त्या जहाजावर बाल्कन्या मोजक्या. नव्वदच्या दशकाआधी-सुरुवातीला बांधलेल्या जहाजांवर तसंच असतं, एम्प्रेससुद्धा 1990 सालची आहे. आजच्या नव्या मोठ्या जहाजांवर मात्र बाल्कनीवाल्याच जास्त. दोन शिल्लक होत्या. एक मध्यावर, पण थेट पूल डेकच्या खाली. दुसरी पुढच्या बाजूला, वर केबिन असलेली. पूलखालच्या खोलीत पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज आणि दुपारी गाणी. चार वर्षांचं पोरगं दुपारी दोन तास झोपतं, न झोपलं तर संध्याकाळ सगळ्यांची जाते. पुढच्या खोलीत शांतता, पण उंच आणि पुढे, म्हणजे दोन्ही प्रकारे जास्त हलणारी. दोघांपैकी कुणाला प्रवास लागतो का विचारलं. धाकटे म्हणाले, "नाय हो, आमाला काय होतंय!" बायको काही बोलली नाही. पुढची घेतली.

बाल्कनीबद्दल दोनच सूचना दिल्या: खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब, शक्यतो अटेंडंटला सांगून आत घ्यायचे, आणि काचेच्या दाराची कडी प्रत्येक वेळी लावायची. कठडे उंच असतात, पण खुर्चीवर चढलेल्या पोराला उंची लागत नाही.

मध्येच डावी बाजू की उजवी असा एक वाद झाला. मुंबईहून दक्षिणेला जाताना डावीकडे किनारा, उजवीकडे मावळता सूर्य, येताना उलट. फिरून परत येणाऱ्या फेरीत कुठलीही बाजू घेतली तरी वाटा सारखाच, आणि लक्षद्वीपच्या वाटेवर किनारा दिसतच नाही. तरी वास्तूप्रमाणे आक्कांचं डोकं दक्षिणेला यावं असा एका नातलगांचा निरोप होता. जहाज लक्षद्वीपहून परतीला वळलं की दक्षिणेची उत्तर होणार, मग आक्कांनी रात्री उठून उशी बदलायची का, असं मी विचारल्यावर वहिनीच हसायला लागल्या.

प्रत्यक्षात

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर जवळच. भडंगाची पिशवी घरीच ठेवायला सांगितली होती, कारण बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत. ती टर्मिनलवर काढून घेतली गेली असं नंतर कळलं. कवायतीला आक्का एका माणसाच्या हाताला धरून जिने चढल्या, दमल्या, पण चढल्या. गोव्यात जहाज धक्क्याला लागतं, तिथे त्या उतरून मंगेशीला जाऊन आल्या.

गोव्यानंतरच्या रात्री वारा वाढला. पुढच्या बाजूच्या बाल्कनीत धाकट्यांच्या बायकोला पहाटे तीनपासून मळमळायला लागलं. धाकटे आणि पोरगं ढाराढूर. सकाळी ती उशी घेऊन आक्कांच्या खोलीत आली ती दुपारपर्यंत आक्कांच्याच पलंगावर. अगत्तीला घरची सगळी उतरली, ही आणि आक्का दोघीच मागे राहिल्या. जहाज उभं होतं आणि हळूहळू एका कुशीवरून दुसरीवर जात होतं. आक्का खुर्ची खिडकीशी ओढून होड्या मोजत बसल्या. सुनेला त्यांनी आल्याचा तुकडा चघळायला दिला, जो त्यांनी कनवटीला लावून नेला होता आणि टर्मिनलवर कुणाला सापडला नव्हता. परतीच्या दोन्ही रात्री सून आणि पोरगं खाली आक्कांकडे झोपले, नात वर बाल्कनीच्या केबिनमध्ये काकाकडे गेली. कंपनीच्या हिशोबी प्रत्येकाची केबिन ठरलेली असते, कवायतीची जागाही तिच्यावरूनच. म्हणून हे रिसेप्शनला सांगून करायला मी फोनवर कळवलं आणि त्यांनी केलं.

आक्कांना परत आल्यावर विचारलं, खोली कशी होती. म्हणाल्या, "बरी होती की. पर आंघोळीची मोरी लईच बारकी." ते खरं आहे, आणि जहाजाच्या कुठल्याही मजल्यावर त्याला इलाज नाही.

मार्चमध्ये इचलकरंजीहून थोरल्यांच्या मेहुणीचा फोन आला: आक्कांची जी खोली होती, तोच नंबर पाहिजे, नवराबायको दोघंच, विकेंडची फेरी. मी विचारलं, दिवसभर खोलीत कोण बसणार? त्या म्हणाल्या, "खोलीत बसायला जातोय होय आम्ही?" प्रवास लागतो का, तर नाही. झोप सावध आहे का, तर डोक्यावर ढोल वाजला तरी जाग येत नाही. त्यांना मी आतली घेऊन दिली, तीही नंबर न ठरवता. केबिन कंपनी देईल ती. अशा बुकिंगला सगळ्यांत कमी भाडं पडतं. उरलेल्या पैशांतून गोव्याची सहल बसली.